गोड द्राक्षासवाची कुळकथा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मद्याची कथा सांगावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. पुण्यात १८७५ साली ज्यांच्या पुढाकाराने अशा व्याख्यानांचा प्रघात पडला ते न्यायमूर्ती रानडे आजचा विषय ऐकून काय म्हणाले असते, याची कल्पना करून मी थोडा बिचकतो. त्याच पुण्यात १९०८ साली लोकमान्यांच्या नेतृत्वाखाली दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, हेही आपण विसरलेलो नाही. पण योगायोग असा की, माधवराव रानड्यांचा जन्म १८४२ साली आपल्या निफाडास झाला, आणि आज त्याच निफाड तालुक्यातून जाताना दोहों बाजूंस द्राक्षांचे मांडव संपता संपत नाहीत. जेथे द्राक्ष आहे तेथे द्राक्षाच्या रसाचे पुढे काय होते हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून मी आज मद्यपानाची तरफदारी करावयास उभा नाही, आणि निषेध करावयासही नाही. मला एक लहानसा ऐतिहासिक प्रश्न सोडवावयाचा आहे.

तो प्रश्न हल्ली तरुण मंडळींकडून वारंवार येतो. कोणी वाइनरी पाहून आलेला असतो, कोणी परदेशी जाऊन आलेला असतो. घरच्या घरी थोडा द्राक्षरस आंबवून पाहावा अशी त्याला हौस वाटू लागते. पण पेला तोंडाला लावला की चेहरा वाकडा होतो. "ही तर आंबट आणि तुरट! गोड वाइन नसते का?" असे तो विचारतो, आणि विचारताना थोडा लाजतो. गोड आवडणे म्हणजे अडाणीपणा, असे त्याला कोणी तरी सांगितलेले असते. माझे म्हणणे असे की, त्याने लाजण्याचे मुळीच कारण नाही. मनुष्यजातीने द्राक्षासवाच्या इतिहासातील बराच मोठा काळ गोडीच्याच मागे धावण्यात घालविला आहे. कोरड्या वाइनची आजची प्रतिष्ठा त्या मानाने अलीकडची आहे.

प्रथम अडचण काय ती समजून घेऊ. द्राक्षाच्या रसात साखर असते, आणि रस उघडा ठेवला की यीस्ट ती साखर खाते. आपल्या जुन्या ग्रंथकारांनी आंबवणाच्या विरजणाला किण्व म्हटले आहे. त्या किण्वाचे काम करणारा सूक्ष्म जीव तो हाच. साखर संपते, तिची मद्य आणि कर्बवायू होतात. लिटरभर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की शेकडा एक भाग मद्यार्क तयार होतो. चांगल्या पिकलेल्या द्राक्षाच्या लिटरभर रसात २२० ग्रॅम साखर धरली, तर ती सगळी संपल्यावर शेकडा १३ च्या आसपास मद्यार्क होतो आणि गोडी मात्र शून्य राहते. म्हणजे रस आपल्या स्वभावावर सोडला तर त्याचा शेवट कोरडाच. गोड वाइन ही आपोआप होत नाही. कोणी तरी यीस्टला मध्येच थांबवावे लागते, किंवा त्याला खाऊन संपणार नाही इतकी साखर पुढे वाढून ठेवावी लागते. निरनिराळ्या देशांनी हे कसे साधले, हीच गोड द्राक्षासवाची कुळकथा.

आपल्या देशापासून आरंभ करू. कौटिलीय अर्थशास्त्राचे हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हाती १९०५ साली आले आणि १९०९ साली ते छापून निघाले. पुढे मुंबई विद्यापीठातर्फे प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग सिद्ध केले. त्यातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' असे नाव दिले आहे आणि ते ज्या देशात होते त्यावरून त्याला कापिशायन व हारहूरक म्हणतात असे सांगितले आहे. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचा, आजच्या बेग्रामचा प्रदेश. पाणिनीलाही कापिशीवरून बनलेला हा शब्द ठाऊक होता. म्हणजे गंगेच्या काठी बसून राज्यशास्त्र लिहिणाऱ्याला द्राक्षाचे मद्य माहीत होते ते वायव्येकडून येणारी वस्तू म्हणून. नाव मात्र मधु.

आपल्या नाशिकचाही या प्रकरणाशी संबंध येतो. पेरिप्लस या नावाने प्रसिद्ध असलेले, ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातील एक ग्रीक प्रवासवर्णन आहे. त्यात भडोच बंदरात कोणता माल खपतो याची यादी आहे आणि तीत वाइन आहे. इटलीची अधिक पसंत, शिवाय लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. तेथल्या राजाला नजर करावयाच्या वस्तूंतही उंची वाइनचा उल्लेख येतो. हा राजा म्हणजे क्षहरात नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आपल्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, आजही वाचता येतात. गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ जोगलटेंभीस १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो प्रचंड साठा सापडला, त्यात तेरा हजारांवर नाणी होती आणि त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. राज्य गेले, नाणी गेली. राजाच्या पेल्याचे काय झाले ते इतिहास सांगत नाही. परंतु त्रिरश्मी डोंगरात लेणी कोरली जात होती त्या काळी या मुलखाच्या धन्याकडे समुद्रापलीकडची वाइन येत होती, एवढे मात्र खरे. आज वाइन येथून बाहेर जाते. दोन हजार वर्षांत गाडी उलट दिशेने धावू लागली!

पण अर्थशास्त्रातील ज्या गोष्टीने मला खरा अचंबा वाटला ती निराळीच. मद्यावर राजाचा कडक ताबा सांगणारा हा ग्रंथकार. कोणी किती प्यावे, कोठे बसून प्यावे, गुत्त्यात गुप्तहेरांनी काय पाहावे, सगळे त्याने लिहून ठेवले आहे. तोच पुढे सांगतो की, कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्याच्या प्रसंगी श्वेतसुरा करण्याची, औषधासाठी अरिष्ट करण्याची, किंवा दुसरेही काही करण्याची मुभा असावी; आणि उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवसांची मोकळीक द्यावी. राजाच्या कारखान्याबाहेरचे मद्य जे विकतील त्यांनी शेकडा पाच शुल्क भरावे, हेही तो विसरत नाही. कौटिल्य कसला वसूल सोडतो! तरी घरची बरणी आणि बाजारचा गुत्ता यांत त्याने भेद केला होता, हे ध्यानात ठेवा. या भेदाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

गोडी टिकविण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे द्राक्षे वाळविणे. ग्रीक कवी हेसिअड याने शेतकऱ्याला सांगून ठेवले आहे की, घड तोडून दहा दिवस आणि दहा रात्री उन्हात ठेवावे, पाच दिवस सावलीत ठेवावे आणि मग रस भांड्यात भरावा. सायप्रस बेटातील कमांदारिया नावाची गोड वाइन आजही उन्हात वाळविलेल्या द्राक्षांचीच होते. कार्थेजच्या मागोची मनुकांच्या वाइनची कृती रोमन लेखक कोलुमेला याने जपून ठेवली. युक्ती सोपी आहे: पाणी उडून जाते, साखर राहते, रस इतका दाट होतो की यीस्ट अर्ध्या वाटेवर दमते. आमच्या तासगाव-पिंपळगावच्या बेदाणेवाल्याला हे शिकवावयास नको. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हा त्याचा रोजचा हिशेब आहे.

आणि हीच युक्ती मराठी घरांतही नांदत आली आहे. वसई, साष्टी, मुंबई या पट्ट्यातील मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, ज्यांनी १८८७ साली राणीच्या ज्युबिलीच्या सुमारास 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यांच्याकडे नाताळासाठी घरी वाइन घालण्याची चाल आहे. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पण धर्म आणि त्याबरोबर आलेल्या काही चालीरीती मागे राहिल्या. द्राक्षाचे मळे कोकणपट्टीच्या दमट हवेत कोठून असणार? म्हणून या घरांतल्या बायकांनी काळ्या मनुका घेतल्या. मनुका चिरून चिनी मातीच्या बरणीत टाकावयाच्या, त्यावर साखर, उकळून निवविलेले पाणी, मूठभर गहू, थोडे यीस्ट, दालचिनीचा तुकडा; तोंडाला फडके बांधावयाचे आणि रोज लाकडी पळीने हलवावयाचे. बहुतेक घरांत हा नेम एकवीस दिवसांचा. मग गाळून, निथळू देऊन, रंगासाठी थोडी साखर जाळून घालावयाची. कोणी आल्याची करतात, कोणी जांभळाची, कोणी बिटाची. ही वाइन गोड असते, चांगलीच गोड, आणि लहानशा पेल्यातून केकबरोबर घ्यावयाची असते. हेसिअडचे नावही न ऐकलेल्या आज्यांनी हेसिअडची विद्या स्वयंपाकघरात चालू ठेवली. घरी वाइन करू पाहणाऱ्या नवशिक्याचे खरे पूर्वज फ्रान्सात नाहीत, वसईत आहेत.

दुसरे पूर्वज वैद्य. द्राक्षारिष्टाची बाटली आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. पण ते काय आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाही. शार्ङ्गधराच्या संहितेतील कृती पाहा. अर्धी तुला मनुका दोन द्रोण पाण्यात उकळून चौथा हिस्सा उरवावयाच्या, गाळून थंड झाल्यावर त्यात दोन तुला गूळ घालावयाचा. शिवाय दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी वगैरे. म्हणजे मनुकांच्या चौपट गूळ! एवढी साखर कोणत्या यीस्टला संपणार? म्हणून अरिष्ट मद्ययुक्त असूनही गोड राहते. काढा करून आंबविले ते अरिष्ट, न उकळता आंबविले ते आसव, असा सर्वसाधारण भेद. आंबवण सुरू व्हावी म्हणून वैद्य धायटीची फुले घालतात. त्या फुलांवर यीस्ट वस्तीला असते हे आधुनिक परीक्षणातही दिसून आले आहे. संधान पुरे झाले की नाही हे पाहण्याची जुनी रीतही सुंदर आहे. बरणीला कान लावावयाचा. आत सळसळ ऐकू येत असेल तर काम चालू आहे. जळती काडी तोंडाशी धरावयाची. ती विझली तर कर्बवायू अजून निघत आहे. काडी जळत राहिली की मग गाळावयास हरकत नाही. पाश्चरने आपला वाइनवरील ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध केला, त्यापूर्वी कित्येक शतके आमचे वैद्य काडीने तेच विचारीत होते. अर्थात् उत्तर का मिळते हे पाश्चरने सांगितले, हे मान्य केलेच पाहिजे. उगाच आपली पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही.

तिसरी युक्ती पोर्तुगिजांच्या नावाने प्रसिद्ध झाली. दुरो नदीच्या खोऱ्यातील तांबडी वाइन अर्धवट आंबली असता तीत ब्रँडी ओतावयाची. यीस्ट मरते, साखर वाचते. ही पोर्ट. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात १७०३ साली मेथुएन तह होऊन पोर्तुगालच्या वाइनला फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू झाली आणि इंग्रज पोर्टवर लोभावले; भेसळ इतकी माजली की १७५६ साली पोंबालच्या सरकारने दुरोच्या मळ्यांच्या सीमा आखून दिल्या. तिची बहीण मदेरा. हिची पिंपे जहाजात घालून हिंदुस्थानपर्यंत नेली, विषुववृत्ताच्या उष्म्यात ती तापली, की चव सुधारते असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि मग जाऊन-येऊन आलेल्या मदेऱ्याला अधिक भाव मिळू लागला. आपल्या उन्हाळ्याचा असा व्यापारी उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही. गोवा १९६१ साली मुक्त झाला. तेथे पुढे 'पोर्ट' या नावाने जी स्वस्त गोड तांबडी वाइन होऊ लागली तिचा दुरोशी संबंध नावापुरताच आहे. तरीही महाराष्ट्रातल्या पुष्कळांचा वाइनशी पहिला परिचय तिच्यामुळेच झाला. तिला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

हंगेरीतील तोकाय आणि फ्रान्समधील सोतेर्न या गोड वाइन तर बुरशीच्या कृपेने होतात. एका जातीची बुरशी पिकलेल्या मण्याची साल भेदते, पाणी उडते आणि आत मधासारखा अर्क राहतो. तोकायच्या मळ्यांची प्रतवारी अठराव्या शतकात झाली. बोर्दोच्या १८५५ च्या प्रसिद्ध प्रतवारीत शातो दिकेम या गोड वाइनला सर्वांच्या वरचे स्वतंत्र स्थान मिळाले. गोड म्हणजे हलके, असे मानणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे आहे. पण या वाटेने आपण जाऊ शकत नाही. त्या बुरशीला सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन लागते. आपल्याकडे काढणीच्या दिवसांत हवा कोरडी असते.

गोडीच्या या हव्यासाने अनर्थही केले. रोमन लोक द्राक्षरस शिशाच्या भांड्यात आटवून वाइनला गोडी आणीत. रसातील आम्ल आणि शिसे यांचा जो क्षार होतो तो गोड असतो आणि विषारीही. पुढे जर्मनीत आंबलेली वाइन शिशाच्या भस्माने गोड करीत, आणि उल्म शहराच्या एबरहार्ड गोकेल या वैद्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या वाइनचा व पोटशुळाचा संबंध उघडकीस आणला. फार कशाला, १९८५ साली ऑस्ट्रियात गोड आणि दाट भासावी म्हणून वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघड झाले आणि त्या देशाचा वाइनचा निर्यातव्यापार कोसळला. आंबट रस पितळेच्या भांड्यात ठेवू नये हे आपल्या घरांत मुलींना सांगावे लागत नसे.

आता नाशिक. द्राक्ष या भागाला नवे नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात देवगिरीस आला तेव्हा तेथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे त्याने लिहून ठेवले. आपली वेल थंड देशांतल्यासारखी हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून आजही बागाईतदार तिची दोनदा छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. जुन्या बागांत वेल पांगाऱ्याच्या खोडावर चढवीत, भोकरी आणि फकडी या जाती लावीत. नाशिक जिल्ह्यातील आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली केला असे मानतात. पण ती सगळी खाण्याची द्राक्षे. वाइनसाठी नारायणगावास श्याम चौगुले यांनी १९८० नंतर खटपट केली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूस राजीव सामंत यांनी १९९७ साली वाइनच्या जाती लावल्या आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाहेर पडली. सरकारचे द्राक्षप्रक्रियेचे धोरण २००१ चे.

या लागवडीत शेनँ ब्लाँ ही जी पांढरी जात आली तिच्यापासून नाशिकच्या वाइनरी उशिरा तोडलेल्या घडांची गोड वाइन करू लागल्या. यात वाळविण्याची जुनीच युक्ती आहे. फरक एवढाच की घड ताटात न वाळविता वेलीवरच सुकू द्यावयाचा. माझ्या मते नवशिक्याने गोडीची परीक्षा येथून सुरू करावी. कारण या जातीत आंबटपणा भरपूर असतो, आणि गोड वाइनचे सारे मर्म आंबटपणातच आहे. नुसती साखर जिभेला चिकटते. आपण मराठी माणसे हे जाणतो: पन्ह्यात कैरी नसेल तर ते गुळाचे पाणी, आणि आमटीत गुळाशेजारी चिंच किंवा आमसूल हवेच. खाण्याच्या थॉमसन द्राक्षाचा रस घरी आंबवून पाहणाऱ्यांची जी निराशा होते तिचे कारणही हेच. ते द्राक्ष चवीला गोड, पण वाइनला बेचव. त्यात आम्ल थोडे. घड महिनाभर अधिक वेलीवर ठेवणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने जुगार असतो. वजन घटते, पाखरे येतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर सगळेच जाते. गोड वाइनची बाटली लहान आणि महाग का, हे त्यावरून समजावे.

आता कायदा. हे सांगितल्यावाचून मला हा विषय सोडता येणार नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. त्याच्या बाराव्या कलमाने परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई आहे, आणि घरच्या बरणीला तीत सूट नाही. त्या कायद्याला बालसरा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायदा बहुतांशी उचलून धरला. परंतु मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरील बंदी मात्र अवैध ठरविली. त्यामुळे वैद्याचे द्राक्षारिष्ट वाचले. वसईच्या आजीची बरणी मात्र कायद्याच्या दृष्टीने तेथेच राहिली. दोन्ही बरण्यांत मनुका आहेत, दोन्हींत साखर आहे, दोन्हींत तेच यीस्ट आहे! कौटिल्याने औषधाचे अरिष्ट आणि कार्यप्रसंगाची सुरा एकाच वाक्यात बसविली होती. आपण त्यांची ताटातूट केली. पुढे २००१ च्या धोरणाने कारखान्याच्या वाइनला शुल्कात सवलत मिळाली, २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावर मोठा वाद पेटला. त्या सगळ्या वादात घरच्या बरणीविषयी कोणी अवाक्षर काढलेले मला आठवत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत, आणि दारूबंदीची मागणी करणाऱ्या बायकांचा आवाज मला ऐकू येतो. तरी नाताळापुरती दोन शेर गोड वाइन करणारे घर आणि गुत्ता ही एकाच कलमाखाली बसविणे मला न्यायाचे वाटत नाही.

तेव्हा ज्या तरुणाने मला प्रश्न विचारला त्याला मी इतकेच सांगतो की, परवाना नसेल तर बरणी भरू नकोस. जेथे घरची वाइन करण्यास कायद्याने मुभा आहे अशा देशात कधी राहावयास गेलास तर कर, आणि तेव्हा वसईची रीत विसरू नकोस. साखर शिल्लक असता आणि यीस्ट जिवंत असता बाटलीला घट्ट बूच मारलेस तर ती फुटेल, म्हणून आधी वैद्याची काडी लावून पाहा. आणि काडी विझली नाही तरीही काही आठवडे बूच सैलच ठेव, कारण दमलेले यीस्ट ऊन लागताच पुन्हा उठते. तोवर येथे उशिराच्या तोडणीची एखादी लहान बाटली चौघांनी मिळून घ्या, चांगली थंड करून. एक घोट गोव्याच्या पोर्टचा, एक हिचा, आणि घरात असेल तर चमचाभर द्राक्षारिष्ट शेजारी ठेवा. तिन्हींत गोडी कोणत्या वाटेने आली ते जिभेला ओळखता येते का, ते पाहा. गुळाची ओळख सर्वांत आधी पटते.